डोनेलीबाईंचं अंडं

दिलीप सामंतांचं परतीचं तिकीट नऊ एप्रिलचं होतं. नऊ एप्रिल आला आणि गेला. साथीमुळे विमानं बंदच होती, त्यामुळे सामंत ओंगारला मुलाच्याच घरी राहिले. वय त्र्याहत्तर. आयर्लंडच्या सरकारने सत्तरीपुढच्यांना सांगितलं होतं, घराबाहेर पाऊल टाकू नका, आणि या बसून राहण्याला नाव दिलं होतं कोकूनिंग. मुलाने, आशिषने, त्याचा अर्थ, कोशात राहणं, समजावून सांगितला तेव्हा सामंत म्हणाले, "म्हणजे माझो रेशमाचो किडो केल्यानी."

सामंत मूळचे मालवणचे. छत्तीस वर्षं बंदर खात्यात कारकून होते. निवृत्त होऊन पंधरा वर्षं झाली, पण खात्याची इंग्रजी त्यांच्या अंगातून गेली नव्हती. फोनवर पिझ्झा मागवायला सांगितलं तरी ते "विथ रेफरन्स टू युवर मेन्यू" अशीच सुरुवात करत. सून भार्गवी पुण्याची. ती टॅलाच्या हॉस्पिटलात डॉक्टर होती. रोज बारा-तेरा तास काम करून घरी यायची, दारातच बूट काढायची, कपडे थेट मशीनमध्ये टाकायची आणि कुणाशी न बोलता आंघोळीला जायची. महिनाभरात ती हसलेली कुणी पाहिली नव्हती. जाताना मात्र रोज बजावायची, "बाबा, दोन मीटर. कुणीही असो, दोन मीटर."

"होय गो," सामंत म्हणायचे. भेटायला होतंच कोण?

फेब्रुवारीच्या वादळात मागच्या बागेतल्या कुंपणाच्या फळ्या उडून गेल्या होत्या आणि लॉकडाऊनमुळे सुतार यायला तयार नव्हता. त्या भगदाडातून गुड फ्रायडेच्या सकाळी एक पांढरं डोकं डोकावलं. शेजारच्या मिसेस डोनेली. वय एक्क्याऐंशी. नवरा आयरिश, बस चालवायचा, तो जाऊन दहा वर्षं झाली. बाई मात्र जन्माने इंग्लंडच्या, डरहॅमकडच्या एका कोळसा खाणीच्या गावातल्या. साठ वर्षं आयर्लंडमध्ये काढूनही बोलणं तिकडचंच राहिलं होतं.

बाई काहीतरी मोठ्याने बोलल्या. सामंतांनी कानावर हात धरला. बाई पुन्हा बोलल्या. तिसऱ्या वेळेला सामंतांना कळलं आणि ते घाईघाईने घरात गेले.

आशिष कॉम्प्युटरवर मीटिंगमध्ये होता. "आशिष, ती बाई कांद्याची सालपटां मागता! कांदे नाय, सालपटां!"

आशिषने माईक बंद केला. "द्या की मग. कांदे प्रेसमध्ये आहेत."

"इस्त्रीत?"

"बाबा, प्रेस म्हणजे कपाट. इथे सगळे तसंच म्हणतात. सिंकच्या बाजूचं."

सामंतांनी कपाटातून जाळीच्या पिशवीतले दहा किलो कांदे बाहेर काढले आणि दीड तास बसून सगळ्यांची वरची सालं सोलली. ती पिशवीत भरली, पिशवी खराट्याच्या दांड्याला अडकवली आणि दोन मीटर राखून पलीकडे पोचवली. एका घरात इतकी सालं निघालेली बाईंनी आयुष्यात पाहिली नव्हती.

"ग्रँड!" त्या म्हणाल्या. म्हणजे छान. आयर्लंडमधून त्यांनी उचललेला तेवढाच एक शब्द.

दुसऱ्या दिवशी भगदाडाजवळ एक टोपली ठेवलेली होती. तिच्यात सहा उकडलेली अंडी. कांद्याच्या सालांत गुंडाळून उकडल्यामुळे त्यांच्यावर तपकिरी-सोनेरी नक्षी उमटली होती. जुन्या सागवानी टेबलाला असते तशी.

"आय ॲम इन रिसीट ऑफ युवर एग्ज," सामंत म्हणाले. "काइंडली इन्स्ट्रक्ट."

बाईंनी दोन अंडी हातात घेतली, दोन्हींची टोकं समोरासमोर धरली आणि एक दुसऱ्यावर आपटलं. टिक. एकाला तडा गेला. लहानपणी ईस्टरला त्यांच्या गावातली सगळी पोरं हेच करत. ज्याचं अंडं फुटेल तो हरला. ज्याचं शेवटपर्यंत टिकेल तो वर्षभर गावचा राजा.

सामंत क्षणभर बघत राहिले. मग त्यांनी दोन्ही हात वर केले.

"अरे, ह्यां तर आमचां नारळ लढवणां!"

हे इंग्रजीत कसं सांगावं ते त्यांना कळेना. त्यांनी आशिषला ओढून बाहेर आणलं. आशिषने कुंपणाशी उभं राहून सगळं सांगितलं. मालवणात नारळी पौर्णिमेला बंदरावर बाजार भरतो. माणसं हातात नारळ घेऊन एकमेकांच्या नारळावर आपटतात, ज्याचा फुटेल त्याने तो जिंकणाऱ्याला द्यायचा. बाबांनी म्हणे एकोणसत्तर साली एकाच नारळाने एकवीस फोडले होते.

"बावीस," सामंत म्हणाले.

"आणि हरले कधी?" बाईंनी विचारलं.

सामंतांचा चेहरा पडला. सत्तर साली हरले होते. बाबल्या तांडेल नावाच्या माणसाने नारळाच्या डोळ्यातून पाणी काढून आत सिमेंट भरलं होतं. हे त्यांना पुढे तीन वर्षांनी बाबल्याच्या लग्नात कळलं.

"किती वाईट माणूस!" मिसेस डोनेली म्हणाल्या आणि आकाशाकडे बघू लागल्या. "उद्या चार वाजता?"

"कन्फर्म्ड," सामंत म्हणाले.

ईस्टरच्या दिवशी सामंतांनी सकाळपासून तयारी केली. फ्रिजमध्ये बाराच अंडी होती. त्यांनी एकेक उचलून समोरच्या दातांवर हलकेच टकटक केलं, डोळे मिटून आवाज ऐकला आणि पाच निवडून उकडली. उरलेली सात नापास.

"बाबा, ती आम्ही खाणार आहोत," आशिष म्हणाला.

"तू गप रव."

भार्गवी ड्युटीवर होती. तरी तिचे दोन मीटर सामंत विसरले नाहीत. त्यांनी खराट्याच्या दांड्याला आमटीचा डाव सुतळीने घट्ट बांधला, डावात कापडाचा बोळा ठेवला आणि त्यात अंडं टोक पुढे करून बसवलं. पलीकडे डोनेलीबाईंनी पडद्याच्या दांड्याला सूपचा चमचा बांधला होता. चार वाजता दोघंही आपापल्या बागेत, भगदाडापासून मागे सरकून, भाले धरल्यासारखे दांडे धरून उभे राहिले. ऊन छान पडलं होतं. बाईंनी ईस्टरची फुलांची हॅट घातली होती. सामंतांनी कानटोपी.

पहिली टक्कर जमलीच नाही. दोन्ही अंडी हवेत एकमेकांना चुकवून गेली आणि सामंतांचा डाव बाईंच्या हॅटला लागला.

"अपॉलॉजीज फॉर द इनकन्व्हिनियन्स!"

"बोलू नका, मारा!"

दुसऱ्यांदा नीट बसली. सामंतांचं अंडं फुटलं. मग दुसरं फुटलं. तिसरं तर असं फुटलं की बलक उडून कुंपणावर चिकटला. बाईंचं तेच एक अंडं, त्याला ओरखडाही नाही. प्रत्येक विजयानंतर बाई हॅट काढून एक गिरकी घेत होत्या. एक्क्याऐंशीव्या वर्षी गिरकी घ्यायला वेळ लागतो, पण त्या पूर्ण घेत.

चौथ्या अंड्याला सामंतांनी कान टवकारले. पाचवं फुटल्यावर ते दांडा टेकवून स्तब्ध उभे राहिले. अंड्यावर अंडं आपटलं की टिक होतं. इथे टॉक होत होतं. हा आवाज त्यांच्या ओळखीचा होता. हा बाबल्या तांडेलचा आवाज होता.

"वन मिनिट," म्हणून ते घरात गेले.

आशिष ओट्याशी नापास अंड्यांची भुर्जी करत होता. "बायेन माका फसवल्यान!" सामंत म्हणाले आणि कपाट धुंडाळू लागले.

"काय शोधताय? बाबा, तो नारळ भार्गवीने चटणीसाठी आणलाय! बाबा!"

नारळ डावात मावेना. सामंतांनी कांद्याची रिकामी जाळी घेतली, नारळ तिच्यात टाकला आणि जाळी खराट्याच्या टोकाला गाठ मारून लटकवली. बाहेर आले तेव्हा डोनेलीबाई आपल्या त्या अंड्याला एप्रनने पुसत होत्या.

"मिस्टर सामंत, हे काय?"

"रिप्लेसमेंट एग."

"हे अंडं नाही!"

"युवर्स ऑल्सो!"

आणि त्यांनी खराटा फिरवला. नारळ हवेत मोठा झोका घेऊन आला आणि चमच्यातल्या अंड्यावर बसला. अंडं उडालं. बाईंच्या बार्बेक्यूच्या झाकणावर आदळलं, तिथून फरशीवर पडलं, टॉक, टॉक, टॉक करत तीन उड्या मारून घराच्या बाजूच्या बोळाकडे घरंगळत गेलं. जाऊन थांबलं ते काळ्या बुटांपाशी.

बुटांत एक तरुण पोलीस होता.

मागच्या गल्लीतून कुणीतरी फोन केला होता, दोन म्हातारी माणसं काठ्यांनी एकमेकांना मारतायत. पोलिसाने दार वाजवलं, कुणी उघडलं नाही, म्हणून तो बोळातून मागे आला. तो क्लेअर जिल्ह्यातला होता, एनिस गावचा, नोकरीला लागून जेमतेम सहा महिने झाले होते. त्याने सामंतांच्या हातातला खराटा पाहिला, त्यावर डोलणारा नारळ पाहिला, कुंपणावरचा बलक पाहिला.

"सुरुवात कुणी केली?" त्याने विचारलं.

दोघांनी एकमेकांकडे बोट दाखवलं.

"यांनी माझ्यावर नारळ मारला," मिसेस डोनेली म्हणाल्या.

सामंत ताठ उभे राहिले. कानटोपी सरळ केली. असा प्रसंग आयुष्यात पुन्हा यायचा नव्हता. "सर," ते म्हणाले, "आय बेग टू सबमिट दॅट द सेड एग इज नॉट अ बोनाफाइड एग."

पोलीस वाकला. हात लावायची त्याला परवानगी नव्हती, म्हणून त्याने बुटाच्या टोकाने अंडं जरा ढकललं. मग दुसऱ्या बाजूने ढकललं.

"मॅडम," तो अगदी गंभीरपणे म्हणाला, "हे लाकडी आहे."

ते मोजे रफू करताना टाचेच्या आत घालायचं अंडं होतं. बाईंच्या आईचं. शुक्रवारी रात्रभर कांद्याच्या सालांत भिजत ठेवून त्यांनी त्याला रंग चढवला होता.

मग मिसेस डोनेलींच्या खांद्यांना कंप सुटला. सामंतांना वाटलं रडतायत, आणि ते घाबरले. बाई हसत होत्या. हसता हसता त्या बाकावर बसल्या, हॅट मांडीवर पडली आणि डोळ्यांतून पाणी यायला लागलं. "माझ्या वडिलांनी मला नऊ वर्षांची असताना ही युक्ती सांगितली," त्या म्हणाल्या. "पण गावात प्रत्येकाला ठाऊक होती! सगळे आधी अंडं चावून बघायचे. आणि इथे कुणी हा खेळच खेळत नाही. ज्याला काहीच ठाऊक नाही असा माणूस मी बहात्तर वर्षं शोधत होते, मिस्टर सामंत."

आशिषने अर्थ सांगितला. सामंतांना राग आणायचा होता, पण तो काही येईना. बहात्तर वर्षं वाट बघणं ही काही साधी गोष्ट नव्हे. बाबल्याने तर एका वर्षात उरकलं होतं.

"पाच अंडी फुटेपर्यंत माका समाजला नाय," ते आशिषला म्हणाले. "बाई हुशार आसा. सांग तिका."

पोलिसाने वहीत काहीतरी लिहिलं, खोडलं, पुन्हा लिहिलं. शेवटी वही मिटून त्याने विचारलं, "तो नारळ फुटला का?"

नारळ फुटला नव्हता. पोलिसाने मान डोलावली, दोघांना अंतर राखल्याबद्दल शाबासकी दिली आणि तो गेला.

सहाला भार्गवी घरी आली. बूट काढताना तिला घरात अंड्यांचा वास आला. मागच्या बागेत सासरे आणि शेजारीण कुंपणाच्या दोन बाजूंना खुर्च्या टाकून बसले होते आणि गवतावर सगळीकडे टरफलं पडली होती. आशिषने तिला सगळं सांगितलं. अंडी, लाकूड, नारळ, पोलीस. पोलिसाचं नाव निघताच सामंतांनी मान खाली घातली. आता बोलणी बसणार हे त्यांनी गृहीत धरलं होतं.

भार्गवी जिन्याकडे वळली. वर गेली. आंघोळीचं पाणी बराच वेळ वाहत राहिलं. खाली आली तेव्हा तिचे केस ओले होते आणि डोळ्यांखाली मास्कच्या कडेचे लाल वळ होते. ती सरळ बागेत आली.

"बाबा," ती म्हणाली, "दांडा कुठंय?"

"गो, मी तुका सांगतंय, आमी दोन मीटर..."

"दांडा द्या."

डोनेलीबाईंच्या टोपलीत खरी दोन अंडी उरली होती. एक त्यांनी आपल्या चमच्यात ठेवलं, एक भगदाडात ठेवून मागे सरकल्या. त्याआधी भार्गवीने बाईंना दोन्ही अंडी दातांवर वाजवून दाखवायला लावली होती. त्यावर बाईंनी मनाला लावून घेतल्यासारखं केलं.

"टोक पुढे धर, पोरी!" बाई ओरडल्या.

"मनगट सैल सोड गो!" सामंत ओरडले.

भार्गवीने दोघांचंही ऐकलं नाही. डोळे गच्च मिटून तिने दांडा असा हाणला की दोन्ही अंडी एकदम फुटली, डाव सुतळीतून सुटून गुलाबाच्या झाडात गेला आणि बलकाचा एक तुकडा सामंतांच्या कानटोपीवर येऊन बसला. भार्गवीने डोळे उघडले. सासऱ्यांकडे पाहिलं. आणि ती हसायला लागली. गवतावर खाली बसून पोट धरून हसू लागली, थांबेचना.

"कोण जिंकलां?" सामंतांनी विचारलं.

आशिष आत जाऊन भुर्जीची कढई घेऊन आला.