एकाच कातड्यातली जोडी

चामड्याचे पट्टे आणि पिशव्या शिवण्यात कारागिराचा हात धरणारं बाजारात कोणी नव्हतं, आणि ही गोष्ट तो स्वतःच सगळ्यांना सांगत असे. पुठ्ठ्याचा फर्मा कातड्यावर ठेवायचा, त्याबरहुकूम कापायचं, मग आरीनं भोकं पाडून शिवायचं. जोडीनं विकायच्या वस्तूंसाठी त्याचा एक नियम होता: दोन्ही नग एकाच कातड्यातून काढायचे. परकं कातडं आज जुळतं आणि वर्षभरानं रंग दाखवतं, असं त्याचं म्हणणं.

त्याच्या चार वर्षांच्या धाकट्या मुलाचा ताप महिनाभर हटेना, पोट फुगलं, अंगात रक्त राहीना, तेव्हा डॉक्टरीणबाईंनी दुखणं समजावून सांगितलं. आपल्या रक्तातल्या काही पेशी रोग शिरलेल्या पेशीला भोक पाडून मारतात. भोक पाडणाऱ्या त्या प्रथिनाचं नाव परफोरिन. ते कसं घडवायचं हे एका जनुकात लिहिलेलं असतं. धाकट्याला त्या जनुकाची आईकडून आलेली प्रतही सदोष मिळाली होती आणि बापाकडून आलेलीही. भोक पडत नाही, म्हणून लढाई संपत नाही, आणि चवताळलेल्या पेशी शेवटी घरच्याच रक्तावर उठतात.

"म्हणजे फर्माच चुकलाय," कारागीर म्हणाला. "आरीला धार लावून काय होणार?"

"अगदी बरोबर," बाई म्हणाल्या. "औषधानं आग दबेल, विझणार नाही. रक्त तयार करणारा हाडातला मगज, म्हणजे अस्थिमज्जा, दुसऱ्या कुणाचा तरी त्याला द्यावा लागेल."

मग नऊ वर्षांच्या थोरल्या लेकीचं रक्त जुळतं का ते तपासलं. घरात तिला सगळे फौजदार म्हणत. बापाच्या चहात साखर किती पडते, यावरही तिचा पहारा असे. रक्तातल्या दहा खुणांपैकी दहा भावाशी जुळल्या. कारागिराला आभाळ ठेंगणं झालं.

"जरा थांबा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "तिचं परफोरिनचं जनुक तपासायला पाठवलंय. तोवर बाहेरच्या दात्याचा शोधही सुरू करू. इथे सही करा."

"बाहेरचं कशाला, बाई? घरात एकाच कातड्यातली जोडी असताना?"

"अहो, करा की सही. शोधायला काय जातंय?" बायको हळूच म्हणाली.

"तुला काय कळतंय यातलं?" तो तिच्यावरच खेकसला. बाईंनी दोनदा समजावलं, मग कागद बाजूला ठेवला. माणूस आपल्या कामात पक्का असला की त्याला वाटतं, सगळं जग आपल्याच दुकानात शिवलंय.

पाच आठवडे गेले. फौजदार रोज नाक दाबून दोन अंडी खायची, 'मगज घट्ट व्हायला पाहिजे' म्हणायची आणि भावाला काचेपलीकडून दम द्यायची: "औषध थुंकलास तर बघ हं, माझं काही मिळणार नाही!"

अहवाल आला त्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी तिला बाहेर बसवलं.

"थोरलीच्याही दोन्ही प्रती सदोष आहेत."

"अहो, पण ती तर ठणठणीत आहे!" बायको म्हणाली.

"आज आहे. हे दुखणं कुणाला लवकर गाठतं, कुणाला उशिरा. तिचा मगज त्याला देऊन उपयोग नाही. आणि पुढेमागे तिलाही दाता लागेल."

कारागिराच्या पायाखालची जमीन सरकली. "मग माझा घ्या. सगळा घ्या."

"आईबापाचा अर्धाच जुळतो. वेळ आली तर तोही करू, पण त्यात धोका जास्त. बाहेरचा शोध आज सुरू केला, तर दोन-तीन महिने लागतील."

"आणि धाकट्याकडे तेवढे..."

"मला सांगता येत नाही."

त्यानं तोच कागद मागून घेतला आणि सही केली. ओळीवर ओळ शिवणाऱ्या त्या हाताची सही चौकटीबाहेर गेली. पाच आठवडे त्यानं आपल्या हातानं मातीत घातले होते. बायकोनं पेनाला टोपण लावून कागद बाईंकडे सरकवला. तिनं चारचौघांत शिव्या घातल्या असत्या, तर त्याला बरं वाटलं असतं.

फौजदारच्या अंगात दुखणं सुरू झालंय का, हे बघायला तिचं रक्त घ्यायचं होतं. सिस्टर तिला घेऊन आली. पोरीनं खुर्चीवर बसायच्या आधीच बाही खांद्यापर्यंत सारली.

"बाबा, तुम्ही तिकडे बघा. उगाच चक्कर येईल तुम्हाला."

"बाळा, हे रक्त..." त्यानं बायकोकडे पाहिलं. तिनं तोंडाला पदर लावला होता.

सुई शिरली. पोरीनं ओठ दाबले, पण हात हलू दिला नाही.

"सिस्टर, हवं तेवढं घ्या," ती म्हणाली. "त्याला कमी पडायला नको."