पहिल्या पिल्लाचा वाटा

माझ्या थोरल्याची एक खोड मला मुळीच खपत नाही. जो मोठ्या आवाजात बोलेल, त्याच्यापुढे हा मान डोलावतो. लग्न ठरवतानाही अशीच डोलावली होती. तिथे नशीब थोर, सून गुणाची निघाली.

किनाऱ्यावर आणखी एक डॉल्फिन मरून लागला आणि सगळं गाव तिकडे लोटलं. उलट्या होडीवर गावात उतरलेले एक बाबा उभे. "समुद्रमातेनं आपला हा देह स्वखुशीनं दिलाय. हिच्या चरबीचं तेल बाळंतिणीला पाजा, दुधाला तोटा नाही. खोटं वाटतं? मनगटावर चोळा, माता ऊब देईल."

मनगटं पुढे होत होती, ऊब येत होती, बायका डोळे पुसत होत्या. स्वखुशीनं आलेल्या मातेला वास मात्र असा सुटला होता, की बाबांनी स्वतःच नाकाला रुमाल लावला होता.

थोरला बाटली घेऊनच घरी आला. सून पहिलटकरीण, ओली बाळंतीण, दूध जरा कमी. "आई, माशाचं तेल आपण पिढ्यान् पिढ्या पितोच की," म्हणत त्यानं चमचा भरला. मी तो काढून घेतला आणि वरच्या खोलीत भाड्यानं राहणाऱ्या जनावरांच्या डॉक्टरणीला हाक मारली. मेलेले डॉल्फिन तपासायचं काम तिचंच.

तिनं बाटली हुंगली. मग आमच्याच स्वयंपाकाच्या तेलात माझं कंबरदुखीचं मलम कालवून थोरल्याच्या मनगटावर चोळलं.

"आली ऊब?"

"आली."

"मग ही कोणती माता?"

थोरल्यानं मनगट नाकाशी नेलं.

"या बाटलीतही असंच मलम आहे. त्यानं कातडी पोळते, तेवढाच बाबांचा चमत्कार," ती म्हणाली. "खरी भीती चरबीची आहे. कारखान्यांच्या सांडपाण्यातली काही रसायनं पाण्यात विरघळत नाहीत, चरबीत मुरतात. छोट्या माशाला मोठा मासा खातो, मोठ्याला डॉल्फिन खातो, आणि त्याच्या अंगात ते विष जन्मभर साठतं. शिवाय डॉल्फिन मासा नव्हेच, तो पिल्लाला अंगावर पाजतो. आईची चरबी दुधात उतरते, विषही उतरतं. सगळ्यात मोठा वाटा पहिल्या पिल्लाला."

"बाईचंही तसंच?" सुनेनं विचारलं.

"तसंच. तुझं दूध चांगलं आहे, पाजत राहा. ही बाटली तेवढी नको."

सुनेनं बाळ छातीशी घट्ट धरलं. थोरला पुटपुटला, "पण एवढे लोक घेत होते."

मी त्याला समोर बसवलं.

"एकमेकांकडे बघून घेत होते. मेलेलं जनावर दिसलं, तर ते कशानं मेलं, हे विचारायचं सोडून तुम्ही त्याचं औषध केलंत. या डॉक्टर पोरीनं विचारलं, म्हणून तुझं लेकरू वाचलं. आता उद्या किनाऱ्यावर तू उभा राहायचंस, आणि बाबांच्या देखत सगळ्यांना सांगायचंस की मी फसलो होतो. लाज वाटेल. वाटू दे. तेवढ्यानं कुणी मरत नाही."