रुसैलच्या कॅम्पातली चाकांची खुर्ची

मी चाकांची खुर्ची बोलतेय. मस्कतच्या एका तरुण मंडळाने मला विकत घेतलं. ही पोरं शुक्रवारच्या सुट्टीला झोपा काढायच्या सोडून कामगारांच्या कॅम्पांत जातात. कुणाला चष्मा हवा असतो, कुणाला रक्त. मला त्यांनी मस्कतजवळच्या रुसैलच्या कॅम्पात आणलं ते रमणसाठी.

रमण संगमेश्वरकडचा वेल्डर. शिडीवरून पडला आणि कमरेखालची ताकद गेली. घरी जायचे कागद होईस्तोवर खोलीतच पडून होता. बायकोला, कलावतीला, त्याने 'पायाला जरा लागलंय' एवढंच सांगितलेलं. तिचा व्हिडिओ कॉल आला की म्हणायचा, "कॅमेरा बिघडलाय गो."

मला पाहून त्याने भिंतीकडे तोंड केलं. "हिच्यात बसलो की खलास."

मंडळातला जुनैद तीन शुक्रवार येऊन त्याची समजूत घालून गेला. माझ्यावर तोवर टॉवेल वाळत होते.

चौथ्या शुक्रवारी कॅम्पच्या अंगणात मंडळाचं आरोग्य शिबिर होतं. जुनैद दारातून म्हणाला, "रमणदादा, नोंदणीला माणूस नाही. इथल्या सगळ्यांना ओळखणारा तूच. येतोस?"

रमणने भिंतीकडचं तोंड वळवलं. म्हणाला, "उचल मला."

माझ्यात बसवताच माझे हात त्याने घट्ट धरले. टेबलाशी पेन हातात आलं, तेव्हा कुठे ते सुटले. नावं, वयं, तक्रारी तो लिहीत गेला.

त्याच्याच खोलीतला नंदू म्हणाला, "माका काय झाला नाय. मस्त हाय मी."

रमणने मान वर केली. "दोनदा चक्कर येऊन पडलास. सारखं पाणी पितोस. लिहितोय मी."

नंदूची साखर चारशेच्या वर निघाली. डॉक्टरांनी त्याला तिथूनच इस्पितळात धाडलं. जाताना त्याने रमणचा खांदा दाबला.

दुपारी कलावतीचा फोन आला. रमणने कॅमेरा सुरू केला.

"ही कसली खुर्ची?"

"चाकांची. पाय नाय चालत गो माझे."

ती रडली. मग डोळे पुसत म्हणाली, "दोन महिने एकट्यानेच सोसलंत? दारातल्या पायरीचा उतार करून घेते. तुम्ही या."

परवा आम्ही दोघं विमानात चढतोय. मंडळाने मला त्यालाच देऊन टाकलंय.

जुनैद, माझ्यासारखी दुसरी खुर्ची घ्याल, तेव्हा ती नुसती खाटेशेजारी ठेवून परतू नका. बसणाऱ्याची बाहेर कुणाला तरी गरज पडलीय, एवढं त्याला नक्की सांगा. येते मी.