कपाला भरली हुडहुडी

एका जुन्या सिनेमातल्या भुताने एका पिढीला पोट धरधरून हसवलं होतं. तेव्हा हसलेली पोरं आता आईबाप झाली, आणि दुसऱ्या भागाला मुहूर्त लागला तो आत्ता. मधल्या काळात निर्माते बदलले, केस पिकले. जोडी मात्र तीच. भूत झालेला नवरा म्हणजे काका, आणि तो जिला दिसत नाही ती बायको म्हणजे काकू. खऱ्या संसारात दोघांचा काडीचा संबंध नाही, पण जग त्यांना काका-काकूच म्हणे.

सेटवर पहिल्याच सकाळी काकूंच्या लक्षात आलं. काकांचा उजवा हात कापत होता. खिशात कोंबला तरी खिसाच हले.

"डॉक्टर काय म्हणतात?" काकूंनी हळूच विचारलं.

"म्हणतात, हा हात आता तुमचं ऐकणार नाही. म्हटलं, घरात तरी माझं कोण ऐकतंय!" मग काकांचा आवाज उतरला. "दिग्दर्शकाला कळू देऊ नका हो. माझ्या जागी एक तरणाबांड तयार ठेवलाय त्याने. वर कॉम्प्युटरने चेहरा माझा चिकटवणार म्हणे. एवढं एकदा मलाच भूत होऊ दे."

'याची लाज राख रे देवा,' काकूंनी मनातल्या मनात हात जोडले.

प्रसंग साधा होता. भूत टेबलावरची कपबशी उचलतं. बायकोला भूत दिसत नाही, नुसती कपबशी तरंगताना दिसते. ती किंचाळून पळते.

"अ‍ॅक्शन!"

काकांनी कपबशी उचलली. ती खुळखुळ वाजू लागली, चहा हिंदकळला. दिग्दर्शकाच्या कपाळाला आठी पडली. 'कट' अगदी ओठांवर आला.

काकू पळाल्याच नाहीत. काकांकडे चुकूनही न बघता, कपावर डोळे रोखून त्या पुढे सरकल्या.

"अगं बाई! हुडहुडी भरली की रे तुला!" त्या कपाला म्हणाल्या. अंगावरची शाल काढून त्याच्याभोवती गुंडाळली आणि शालीच्या आत तो कापरा हात घट्ट धरला. "असं उघड्यावाघड्याने फिरायचं, मग दुसरं काय होणार?"

दिवेवाल्यांना हसू फुटलं, कॅमेरावाल्याला हसू फुटलं. दिग्दर्शक तर डोळे पुसत खुर्चीतून उठला.

"काका, ही थरथर म्हणजे कमाल! भूत ज्याला हात लावेल ते असंच कापलं पाहिजे, अख्ख्या सिनेमाभर. जमेल ना?"

काकांनी गंभीरपणे विचार केल्यासारखं केलं.

"मेहनत पडेल," ते म्हणाले, "पण बघतो."

शालीखाली काकूंचा हात त्यांनी अजून सोडला नव्हता.