डाव्या गालावर सात

हौसेला मोल नाही म्हणतात. मी म्हणतो, हौसेला अक्कलही नाही. नाहीतर कलबुर्गीतलं लग्नाच्या फोटोंचं बसलेलं काम सोडून मादन हिप्परग्यात कोण स्टुडिओ काढतं, जिथं शेरडामागं जाणाऱ्याच्या खिशातही कॅमेऱ्याचा फोन आहे? मी काढला. बस स्टँडजवळची बंद पडलेली पिठाची गिरणी घेतली. भिंती तीनदा धुतल्या, तरी ज्वारीच्या पिठाचा वास काही जाईना. निळा पडदा, दोन छत्रीचे लाइट, स्टूल, आरसा, कंगवा आणि कुणालाही चालेल असा एक काळा कोट. बाहेर पाटी, 'अनिलकुमार फोटो स्टुडिओ'. तीन महिने नुसते पासपोर्ट फोटो काढले. माणसं कोट घालायची, श्वास रोखून बसायची आणि निघून जायची.

"तुमच्या दुकानात कुणी हसंनाच की," माझी बायको मल्लेश्वरी म्हणायची. मला राग यायचा, कारण खरं होतं.

एक काम मात्र मला चांगलं येत होतं. चेहरा साफ करणं. कलबुर्गीत इतकी वर्षं मी तेच केलं होतं. नवरीचे मुरुम, नवऱ्याच्या डोळ्यांखालचं काळं, सासऱ्याच्या गालावरचा डाग, सगळं संगणकावर पुसायचं. बोटांना सवयच लागली होती. कुणाचा चेहरा समोर आला की आधी त्यातलं काय काढायचं ते दिसायचं.

चौथ्या महिन्यात पद्माबाई आली. साठीच्या पुढची, धनगराची बाई. सोबत मुलगा भीमाशंकर.

"माझ्या मालकाचा फोटो काढून देताव का, अण्णा?"

"आणा की त्यांना."

"कुठनं आणू? ईस वरसं झाली जाऊन."

मी म्हणालो, जुना फोटो असेल तर मोठा करून देतो. तिनं मान हलवली. फोटोच नव्हता. भीमाशंकर म्हणाला, "ओळखपत्राचे फोटो काढायला गावात आलते, तवा अप्पा मेंढरं घिऊन हुमनाबादकडं व्हते. ऱ्हाऊन गेलं. आता नवं घर बांधलंय. पाहुणे इतेत, अप्पांचा फोटो कुठाय म्हून इचारतेत. बीरदेवाच्या शेजारी जागा ठिवलीय."

तो वास्तूचा मुहूर्त विचारायला बाहेर फोनवर गेला, तशी पद्माबाई स्टुलावर पुढं सरकली.

"पोराचं ते पाहुण्यांचं हाय. माझं येगळंच हाय, अण्णा. त्यांचं तोंड इसरायलंय मला. पाठ दिसती, चाल दिसती, आवाज बी ऐकू येतो. तोंड मातर एकदा येतंय, एकदा जातंय. पार जायच्या आत करून द्या."

असं काम मला कुणी कधी सांगितलं नव्हतं. मी विचारलं, "भीमाशंकर त्यांच्यावाणी दिसतो का?"

"नाकाडोळ्यानं तसाच हाय. ते गेले तवा ह्याच्याच वयाचे व्हते."

मग मार्ग सापडला. दुसऱ्या दिवशी भीमाशंकर बापाचा पिवळा रुमाल डोक्याला बांधून आणि घोंगडी खांद्यावर टाकून बसला. कॅमेरा माझा होता, पण फोटो पद्माबाईनंच काढला म्हणायचं. "मान जरा डावीकडं. एवढी न्हाई. हसू नकोस, ते हसायचे न्हाईत. बगायचे नुसतं." चाळिशी ओलांडलेला तो गडी लहान पोरासारखा ऐकत होता. मग तिनं सांगितलं तशी मी संगणकावर मिशी जाड केली, कानशिलं पांढरी केली, जबडा थोडा रुंद केला आणि पडदा तिच्याकडं वळवला.

पद्माबाईनं पदर डोक्यावरून पुढं ओढला. तिचं तिलाही कळलं नसावं. भीमाशंकर खाली बघायला लागला.

"हेच," ती हळू म्हणाली. "आता खड्डे घाला बास. देवीचे. ल्हानपणी देवी आल्त्या त्यांना. उजवीकडं तीन-चार असतील, डाव्या गालावर सात हायेत. मेंढरांमागनं चार-चार म्हैन्यांनी यायचे, दाढी काढली की मी बोट लावून मोजायची. म्हणायचे, कामून मोजायलीस, एखादा हरवला का?" ती हसली. माझ्या दुकानात मनापासून हसलेलं ते पहिलं माणूस.

ती पुढं निघाली. भीमाशंकर मागं थांबला. "अण्णा, ते खड्डे नकोत. चार लोकांत बरं दिसतंय का? साफच ठिवा."

मी एकदाही हुज्जत घातली नाही. मलाही तेच हवं होतं. पहिलं मोठं काम, भिंतीवर कायम राहणार, खाली माझ्या स्टुडिओचं नाव. गाल आधीच स्वच्छ होता, मी तो आणखी गुळगुळीत केला.

वास्तूच्या दिवशी हार घातलेला फोटो बीरदेवाशेजारी लागला. खाली नाव होतं, कै. सिद्धाप्पा. पद्माबाई बराच वेळ बघत उभी राहिली. मग म्हणाली, "खड्डे?"

"वर गेल्यावर खड्डे ऱ्हात न्हाईत, आई," भीमाशंकर म्हणाला. पंगतीतले लोक हसले. मीही हसलो. ते हसू आठवलं की आजही मला स्वतःची लाज वाटते.

त्या एका फोटोनं माझं दुकान चाललं. आसपासच्या गावांतून लोक यायला लागले. कुणी भावाला बसवून भावाचा, कुणी मुलीला बसवून आईचा फोटो करून घेतला. सिद्धाप्पाचा मोठा फोटो मी नमुना म्हणून दाराजवळच्या काचेत लावला. मल्लेश्वरी येताजाता त्याला नमस्कार करायची.

पाच-सहा महिने गेले असतील. एका दुपारी पद्माबाई एकटीच आली. जुन्या लुगड्यात गुंडाळलेली फ्रेम तिनं काउंटरवर ठेवली.

"हे ठिवून घ्या, अण्णा."

माझं डोकंच फिरलं. ज्याचं करावं भलं, तो म्हणतो माझंच खरं! "काय वाईट झालंय ह्यात? अख्खा गाव चांगलं म्हणायलाय."

"चांगलंच हाय," ती म्हणाली. "पण हे आल्यापास्नं ते यीनात. आधी येत-जात का व्हईना, येत व्हते. आता डोळे मिटले की हेच दिसतंय. माझा पोरगाच मिशी लावून बसल्यावाणी दिसतोय. पोराला मालक कसं म्हणू?"

रुमाल, मिशी, जबडा, सगळं तिनंच सांगितलेलं होतं. ह्या गुळगुळीत चेहऱ्यात तिच्या माणसाचं म्हणून एकच काही येणार होतं, आणि ते मी येऊ दिलं नव्हतं.

"मावशी, बसा," मी म्हणालो. "चुकलं माझं. आत्ता घालतो खड्डे. धा मिनटं."

तिचा चेहरा उजळला. मी गाल पडदाभर मोठा केला आणि तिला जवळ बसवलं. "बोटानं दाखवा. कुठकुठं होते?"

तिनं बोट उचललं. पडद्याजवळ नेलं, गालाच्या हाडावर. थांबली. खाली आणलं, मिशीच्या टोकाशी. तिथंही थांबली. मग डोळे मिटून तेच बोट हवेत फिरवलं, जणू समोर कुणी दाढी करून बसलंय. मी माउस धरून वाट बघत होतो.

"इथं का, मावशी? का जरा वर?"

"सात व्हते," ती म्हणाली. "सात व्हते एवढं ठावं हाय."

"कुठं होते?"

तिनं डोळे उघडले आणि हात मांडीवर ठेवला.

"कुठं म्हून सांगू, अण्णा? मला बी आता गाल साफच दिसायलाय."

मी म्हणालो, अंदाजानं घालतो. नको म्हणाली. आणखी एक खोटं कशाला? ती फ्रेम परत लुगड्यात गुंडाळायला लागली.

"ठेवून घ्या म्हणालात ना?" मी विचारलं.

"खिळा रिकामा दिसला की सून इचारंल," ती म्हणाली, आणि फोटो काखेत घेऊन उन्हात निघून गेली.