सिदूची साक्ष

गंगम्माच्या बाजूनं बोलायला अख्ख्या वळसंगात माणूस उरला नव्हता, म्हणून तिनं धनगर आणला.

ओढ्याकाठची सात एकर जमीन तिचा नवरा ईरप्पा वीस वर्षं कसत होता. तो गेल्यावर पाच वर्षं ती कसत होती. पण कागदावर जमीन वीरभद्रप्पाची. तो राहायचा सोलापुरात, तिथं त्याचं भुसार दुकान. आधी त्याचा बाप आणि मग तो, सुगीनंतर यायचा, आपल्या वाटणीची पोती बैलगाडीत घालायचा आणि जायचा. कसेल त्याची जमीन असा कायदा झाला तेव्हा वीरभद्रप्पा वयानं अज्ञान होता, म्हणून प्रकरण थांबलं. मग साहेब बदलला, मग कागद सापडेनात. असं होत होत सुनावणी लागली ती चौऱ्याहत्तर सालच्या चैत्रात. तोवर वीरभद्रप्पाला चांगलीच अक्कल आली होती. त्यानं लिहून दिलं, ही बाई कूळ नाहीच, माझ्याकडं रोजानं कामाला आहे. तलाठ्याच्या वहीतही वर्षानुवर्षं ‘मालक खुद्द’ एवढंच लिहिलेलं.

गावातली माणसं गंगम्माच्या ओट्यावर बसून हळहळायची. “लई अन्याव हाय, अक्का.” पण कचेरीत येता का म्हटलं, की कुणाची म्हैस व्यायला झालेली असायची, कुणाच्या घरी पाव्हणे यायचे. वीरभद्रप्पाच्या दुकानाशी ज्याची गाठ नाही असं घर गावात नव्हतं.

सिदू मात्र कुठल्याच गावाचा नव्हता. माळशिरसाकडचा धनगर. दरसाल शाळू निघाला, की शंभरेक मेंढरं घेऊन यायचा आणि गंगम्माच्या रानात चार-आठ दिवस कळप बसवायचा. मेंढरं रात्री रानात बसली, की लेंड्यांचं खत पडतं. त्याबद्दल कसणाऱ्यानं धनगराला पायल्या मोजून जोंधळा द्यायचा. मेंढरं कुठं बसवायची हे जो सांगतो आणि जोंधळा जो देतो, तोच रान कसतो. याला दुसरा पुरावा लागत नाही. गंगम्माच्या वकिलानं हे ऐकलं आणि टेबलावर थाप मारली. “त्या धनगराला आणा बाई. बाकी कुणी नको.”

सिदू लगेच तयार झाला. बहात्तरच्या दुष्काळात गंगम्मानं विहिरीच्या तळातलं पाणी त्याच्या मेंढरांना पाजलं होतं. स्वतःच्या बैलांना अर्ध्यावर ठेवून पाजलं होतं. “अक्का, तुज्यासाटी मी कुटंबी बोलंन की,” तो म्हणाला आणि बायकोवर, बनाबाईवर, कळप सोडून पहाटेच्या सोलापूरच्या एसटीत बसला.

कचेरीत कळलं, साहेब दुपारी चारनंतर येणार. इतक्यात वीरभद्रप्पाचा मुनीम सिदूच्या अवतीभवती घोटाळू लागला. चहा घेतोस का, पान खातोस का. गंगम्माचा भाऊ चनमल्लप्पा गिरणीत कामाला होता, सकाळीच येऊन थांबला होता. त्यानं ते पाहिलं.

“अक्का, ह्याला हितनं हलवू या. चारपर्यंत कुणी गाठणार न्हाई अशा जागी.”

“कुटं?”

“टॉकीजमदी. अंधारात कोण शोधतंय? इंग्लिश पिच्चर हाय, मॅटिनीला.”

“यव्वा! मी न्हाई,” गंगम्मा म्हणाली. विधवा बाईनं भरदुपारी सिनेमाला जायचं! पण सिदूला एकटं सोडायचा धीर तिला होईना. शेवटी कपाळावरच्या विभूतीपर्यंत पदर ओढून ती भावामागनं निघाली.

डोअरकीपरनं सिदूची काठी ठेवून घेतली. “घोंगडं पण ठेव.”

“घोंगडं कसं ठिवू? खाली सदरा फाटकाय.”

“मग बस तसाच. पण मागच्यांना दिसलं पाहिजे.”

आत पंखे घरघरत होते. पडदा उजळला आणि पडद्यावर एवढी गुरं आली, की सिदू खुर्चीतनं अर्धा उठला. हजारोंनी जनावरं, धुळीचे लोट, आणि घोड्यावर बसून ती हाकणारे टोपीवाले गडी. बोललेलं तिघांनाही कळत नव्हतं, पण गोष्ट समजायला भाषेची गरज नव्हती. पिकल्या मिशांचा एक म्हातारा होता, ती सगळी गुरं त्याची. नदीकाठच्या कुरणात पिढ्यानपिढ्या चरत आलेली. मग गाड्यांत बायकापोरं आणि नांगर घालून शेतकरी आले. त्यांनी नदीकाठी घरं बांधली, नांगरट केली. म्हाताऱ्यानं त्यांना हुसकायला एक बंदूकवाला आणला. काळे कपडे, बोलणं कमी.

“गुरं हाकाया घोडी कशाला?” सिदू पुटपुटला. “येक चांगलं कुत्रं बास की.” थोड्या वेळानं म्हणाला, “लई ग्वाड म्हातारा हाय. वासराला बघ कसा उचलतोय.”

गंगम्माला तो म्हातारा वीरभद्रप्पाच्या बापासारखा दिसत होता. तशाच मिशा, तसंच पोट पुढं काढून उभं राहणं. शेतकऱ्यांतली एक विधवा होती, ती एकटीच खांब रोवत होती, आणि खांबाखांबाला काटेरी तार ताणत होती. हात रक्ताळले तरी थांबेना. गंगम्माचा ऊर भरून आला. ती पदर सावरायचं विसरली.

“बघ, बघ, सिदू! तार कशी घाटली बाईनं! कुणाची माय व्यालीय आता आत शिरायला? आपलं नाव लागू दे, मीबी अशीच तार ठोकणार. चारी बाजूंनी. ओढ्यापातूर.”

“अक्का, सुम्म कूड,” पुढच्या रांगेतली डोकी वळली तसं चनमल्लप्पानं तिला गप्प केलं.

मध्यंतरात उजेड झाला. चनमल्लप्पा शेंगा आणायला गेला. सिदू पडद्याकडंच बघत होता, पडदा कोरा होता तरी.

“ओढ्यापातूर म्हनलीस, अक्का?”

“व्हय की. लिंबं लावायचीत मला. विहीर हाय, पाणी हाय. ईरप्पाच्या लई मनात होतं. पण दुसऱ्याच्या रानात झाड कोण लावणार?”

“मंग मेंढरं ओढ्याला कुटनं न्यायाची?”

“वरच्या अंगानं. मसुबाच्या माळावरनं.”

“तितनं दोन कोस पडतंय.”

गंगम्मा हसली. कितीतरी दिवसांनी ती अशी हसत होती. “मेंढरांना काय, चार पाय हायत की!”

सिदूही थोडंसं हसला. मग त्यानं विचारलं, “आन बसवायची?”

“बागंत कुटं मेंढरं बसवत्यात, येड्या? एक झाड ठेवतील का?” इतक्यात शेंगा आल्या. गंगम्मानं ओंजळभर त्याच्या घोंगड्यात टाकल्या. दिवे गेले.

नंतर तो बंदूकवाला फिरला. आपल्याला आणणाऱ्या म्हाताऱ्यावरच उलटला, त्या विधवेच्या दारात उभा राहून त्यानं म्हाताऱ्याच्या माणसांना लोळवलं. टॉकीजमध्ये शिट्ट्या पडल्या. शेवटी म्हातारा आपल्या गुरांतच मरून पडला, तेव्हा गंगम्मानं गळ्यातल्या लिंगाला हात लावला. “न्यायानं वागला गडी,” ती म्हणाली.

सिदूच्या घोंगड्यात शेंगा तशाच होत्या.

पाचाच्या सुमाराला पुकारा झाला. साहेब दमलेले होते. एका बाजूला वीरभद्रप्पा टोपी मांडीवर घेऊन बसलेला, दुसरीकडं गंगम्मा. सिदू मधोमध उभा राहिला.

गंगम्माच्या वकिलानं विचारलं, “त्या रानात मेंढ्या बसवतोस का?”

“बसवतो. बारा वर्सं.”

“बसवायला कोण सांगतं?”

“ही अक्का.”

“जोंधळा कोण मोजून देतं?”

“अक्काच देती.”

वकिलानं साहेबांकडं पाहिलं, झालं, अशा अर्थानं. आणि सिदूनं, कुणी विचारलं नसताना, पुढं म्हटलं, “मालकाचा म्हनून देती. दरसाल म्हनायची, मालकाचा हुकूम हाय, हितं बसव. बाई तितं रोजानं हाय.”

वीरभद्रप्पासुद्धा चकित होऊन आपल्या वकिलाकडं बघू लागला, हे तुम्ही केलंत का, असं त्याच्या तोंडावर स्पष्ट होतं. त्या वकिलानं खांदे उडवले. कारकुनानं लिहून घेतलेलं वाचून दाखवलं आणि शाईचा डबा पुढं केला. सिदूनं अंगठा उठवला. बोट घोंगड्याला पुसलं.

बाहेर कडुलिंबाखाली गंगम्मानं त्याला गाठलं.

“कुणाचं खाल्लंस रं?”

“कुणाचं न्हाय.”

“मग? दुष्काळात माझी बैलं तहानली ठेवली, सिदू.”

“ठिवलीस. इसरलो न्हाय.” तो जमिनीकडं बघत होता. “पर तू तार घालनार. त्यो शेरात ऱ्हातोय, त्याला कुटं पडलीय कोन येतंय, कोन जातंय. बागंत मेंढरं बसत न्हाईत, अक्का. तूच म्हनलीस.”

तेवढ्यात चनमल्लप्पा तरातरा आला आणि त्यानं सिदूची मानगूट धरली. “किती दिले रं तुला? मुनीमानं किती दिले?” आजूबाजूची माणसं जमली. सिदूनं हात झिडकारला, घोंगडं खांद्यावर टाकलं आणि गंगम्माकडं पाहिलं. तिला तेव्हा बोलता आलं असतं. ती गप्प राहिली, आणि तो फाटकातनं बाहेर पडला.

तिसऱ्या दिवशी वळसंगात सगळ्यांच्या तोंडी एकच. धनगर विकला गेला. कचेरीची पायरी न चढलेली माणसंच सगळ्यात मोठ्यानं थुंकत होती. रक्कम रोज वाढत होती. गंगम्माच्या ओट्यावर बसून ती म्हणायची, “इमान ऱ्हायलं न्हाई, अक्का,” आणि गंगम्मा मान हलवायची. टॉकीजमध्ये गेलो होतो हे तिनं कुणाला सांगितलं नाही. आधी लाज म्हणून. नंतर, तेच सोपं पडत होतं म्हणून.

निकाल वीरभद्रप्पाच्या बाजूनं लागला. त्यानं रानावर सालगडी ठेवला, आणि पावसाळ्यानंतर शाळूतलं तण भांगलायला बायका लागल्या तेव्हा गंगम्माही रोजानं त्यात गेली. गावात दुसरं काम नव्हतं. वीरभद्रप्पानं लिहून दिलेलं आता खरंच झालं होतं.

पुढच्या चैत्रात तुरीची खोडं वेचताना बांधावर बनाबाई येऊन उभी राहिली. डोक्यावर पाटी, पाटीत कोंबड्या. ओढ्याची वाट तेवढी मोकळी होती, मेंढरं पाणी पिऊन गेलेली. पण महिना झाला, कुणी रानात कळप बसवू देत नव्हतं. वीरभद्रप्पाच्या सालगड्यानंही हाकललं होतं. बेइमानाची मेंढरं नकोत म्हणाला.

“अक्का,” बनाबाई म्हणाली, “तुमी येक शबुद बोला. तुमी म्हनला पैकं घेतलं न्हाईत, तर गाव ऐकंल. समदी तुमच्याच नावानं आमाला लाथाडत्यात.”

“मला काय ठावं, बाई. तूच इचार की त्याला, का केलं म्हणून.”

“इचारलं. वरीसभर इचारतिया.” बनाबाईनं पाटी सावरली. “म्हनतो, अक्काला इचार.”

गंगम्माच्या हातातल्या खोडाची माती झडत राहिली. एक शब्द बोलायचा तर टॉकीज सांगायला लागली असती, शेंगा, तार, चार पाय. आणि मग गावानं विचारलं असतं, रान गेलं ते कुणाच्या तोंडानं?

“सालगडी बघतोय,” ती म्हणाली आणि पुन्हा खाली वाकली. “जा तू. माझा रोज बुडंल.”