छत्तीस इंची बार

मोठी चेनसॉ मेली ती भर दुपारी, आणि तिला मारलं खारने.

खार हा माणूस होता. चाळिशी ओलांडलेला, पोट सुटलेला, जमिनीवर चालताना दम लागणारा. पण एकदा दोर कमरेला बांधून झाडावर चढला की असा सरसर वर जायचा की रस्त्यावरचे लोक चालायचे थांबायचे. फक्त त्याची अक्कल खालीच राहायची. त्या दुपारी त्याने चेनसॉच्या टाकीत ऑइल न मिसळता नुसतं पेट्रोल ओतलं. मशीन थोडा वेळ जोरात चाललं, मग एकदम चिरकलं आणि गप्प झालं. पिस्टन आतल्या आत चिकटून बसला होता.

बाईंनी मशीन सुरू करायची दोरी दोनदा ओढून पाहिली. ती हललीसुद्धा नाही.

"गेली," खार टोपी काढून म्हणाला.

"टोपी घाल. मयताला नाही आलेलास. खुनी आहेस तू."

बाईंचा धंदा झाडं तोडण्याचा. वाळलेली, कललेली, कुणाच्या तरी छपरावर पडू पाहणारी. वडिलांकडून धंदा आला, त्यांच्याकडूनच रुंद खांदे आले आणि कुणाचंही ऐकून न घेण्याची सवयही आली. सोमवारी त्यांना टेनिस क्लबचं वाळलेलं झाड पाडायचं होतं. फांद्या आणि शेंडा लहान मशीनने उतरवता आला असता, पण खोड असं की दोन माणसांनी कवेत घेतलं तरी बोटांना बोटं लागू नयेत. त्याला मोठंच मशीन हवं. नव्वद सीसीचं इंजिन आणि छत्तीस इंची बार, म्हणजे ज्याच्या कडेने चेन फिरते ते लांबलचक पातं.

असं मशीन गावात एकाच दुकानात मिळायचं, आणि ते दुकान बाईंच्या नवऱ्याचं होतं. पूर्वीच्या नवऱ्याचं.

घटस्फोट झाला तेव्हा वकिलांनी स्वभाव जुळत नाहीत असं सांगितलं होतं. खरी गोष्ट अशी की त्या माणसाचं मशीनवर प्रेम होतं आणि बाईंचं कामावर, आणि दिवसअखेर एकमेकांना द्यायला दोघांकडे काही उरायचंच नाही. तो म्हणायचा, ही बाई मशीन वापरत नाही, छळते. बाई म्हणायच्या, मशीन कापायला असतं, पाळायला नाही. वेगळे झाल्यापासून बाईंनी त्याचं नाव टाकलं होतं. बोलायची वेळ आलीच तर 'तो मशीनवाला' म्हणायच्या, जणू असे दहा मशीनवाले ओळखीचे आहेत.

म्हणून बाई आधी मोठ्या मॉलमध्ये गेल्या. तिथे नारिंगी एप्रन घातलेला विक्रेता हसत पुढे आला.

"साहेबांसाठी गिफ्ट बघताय का, मॅडम?"

"साहेब गेले."

"अरेरे. कधी?"

"मी हाकललं तेव्हा."

विक्रेत्याने विषय बदलून एक चार्जिंगवर चालणारी करवत पुढे केली. एवढीशी, पोपटी रंगाची, मुठीला मऊ रबर. "कुंपण, गुलाब, बारीक फांद्या, सगळं होतं."

"आणि खोड?"

"केवढं?"

बाईंनी दोन्ही हात पसरले. शेल्फवरचा एक रंगाचा डबा पडता पडता राहिला. विक्रेत्याने या टोकापासून त्या टोकापर्यंत बघितलं आणि मनापासून विचारलं, "पण मॅडम, एवढं मोठं झाड तोडायचंच कशाला?"

हा प्रश्न बाईंना आजवर पुष्कळ लोकांनी विचारला होता. दुकानदाराने पहिल्यांदाच विचारला.

बाहेर येऊन त्यांनी लेकीला फोन लावला. लेक दुसऱ्या शहरात नोकरीला होती आणि कुठल्याही अडचणीवर तिचं एकच औषध होतं.

"आई, ऑनलाइन मागव."

"तुझ्या मामाने ड्रिल मशीन मागवलं होतं. काय आलं?"

"पंखा."

"मग?"

"पंखा चांगला चालतोय अजून." मग जरा थांबून लेक म्हणाली, "बाबांकडे जा ना सरळ."

"आवाज येत नाहीये," म्हणून बाईंनी फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळीच त्या गाडी काढून शेजारच्या गावी गेल्या. तिथे शेतीच्या अवजारांचं एक जुनं दुकान होतं, आणि भिंतीवर, पंप आणि फवारण्यांच्या मधोमध, हवी तशी चेनसॉ टांगलेली होती. बाईंचा जीव भांड्यात पडला. दुकानदार म्हाताऱ्याने ती खाली उतरवली, फुंकर मारली, आणि दोघं जण धुळीने खोकत राहिले.

"चेन मिळेल वेगळी? आणि सर्व्हिसचं काय?"

"सर्व्हिसची काळजीच नको," म्हातारा म्हणाला. "आपला एक माणूस आहे. मेलेलं मशीन उठवतो. आम्ही सगळं त्याच्याकडेच पाठवतो. तुमच्याच गावात आहे की."

"बोलताना एक डोळा बारीक करतो, तो?"

"ओळखता वाटतं?"

"तोंडओळख आहे," बाई म्हणाल्या, आणि रिकाम्या हाताने परत फिरल्या.

आता खारला पाठवणं एवढंच उरलं. जा, स्वतःसाठी हवंय म्हणून सांग, माझा उल्लेख करू नकोस, मशीन घे आणि ये, असं बाईंनी त्याच्याकडून घोकून घेतलं. खार बऱ्याच वेळाने आला. हातात मशीन नव्हतं, मिशीला बिस्किटाचा चुरा होता.

"नाही म्हणाले. तुला मी साधी पेन्सिलसुद्धा विकणार नाही, म्हणाले. पेट्रोलचं त्यांना कळलंय."

"त्याला कुणी सांगितलं?"

"मीच सांगितलं. चहा दिला त्यांनी. मग म्हणाले, मशीन जिच्या हातात चालणार तिच्या हातात आधी बसायला हवं. तिला पाठव."

बाईंनी हातातलं काम टाकलं. मग आत जाऊन चांगला शर्ट घातला, आरशात बघून तो काढला, आणि कामाचाच चढवून निघाल्या.

दुकानात काउंटरवर मशीनवाल्याची दुसरी बायको बसली होती. लग्नाला कित्येक वर्षं झाली होती तरी गाव तिला 'नवीन बाई' म्हणायचं. गोल चेहऱ्याची, शांत, हातात स्क्रूच्या पुड्या बांधत बसलेली. बाईंनी मनात भांडणाची जुळवाजुळव करून ठेवली होती. तिला बघून ती निम्मी सांडली.

"या ताई. बसा. हे मागे कुणाचं तरी इंजिन उघडून बसलेत."

"दुकानात उघडतो हल्ली?"

"कसलं दुकानात. काल बाथटबमध्ये होतं. अंघोळ कुठे करायची विचारलं तर म्हणाले, पिस्टन भिजतोय, हात लावू नकोस."

"माझ्या वेळी उशीखाली स्पार्क प्लग असायचे."

नवीन बाईने हातातली पुडी खाली ठेवली. "अजून असतात," ती म्हणाली. एकाच डॉक्टरकडे जाणारे दोन पेशंट बाकावर भेटावेत तशा दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या.

तेवढ्यात मशीनवाला हात पुसत बाहेर आला. केस पांढरे झाले होते, पण डोळा तसाच बारीक. नमस्कार-चमत्कार न करता म्हणाला, "खोड किती?"

बाईंनी सांगितलं.

"मग छत्तीस कशाला? अठ्ठावीस इंच घे. वजन कमी, इंजिनवर ताण कमी. दोन्ही बाजूंनी काप."

"दुसऱ्या बाजूला भिंत आहे. झाड भिंतीला चिकटलंय."

"भिंतीपलीकडून काप."

"भिंतीपलीकडे लोक टेनिस खेळतात."

"मग हे आधी सांगायचं."

"तू विचारायचं. कधी विचारलंयस का? आयुष्यात?"

विषय करवतीवरून भलतीकडे गेलाय हे तिघांनाही कळलं. नवीन बाईने नवी पुडी बांधायला घेतली आणि मान वर न करता म्हणाली, "छत्तीसच द्या हो. तुम्हा दोघांचा आकडा तोच आहे."

मशीनवाला आत गेला आणि नवीकोरी चेनसॉ घेऊन आला. दुकानामागच्या अंगणात एक ओंडका मांडलेला होता. बाईंनी मशीन उचललं. जड होतं, पण वजन बरोबर तळहातात बसलं. त्यांनी पाय रोवले.

"अंगठा मुठीच्या खालून घे," तो म्हणाला. "अजूनही वरच ठेवतेस."

बाईंनी अंगठा खालून घेतला. वडिलांनंतर त्यांना असं सांगण्याची हिंमत एकाच माणसाने केली होती, आणि दर वेळी त्याचं बरोबर असायचं. राग त्याचाच तर होता. त्यांनी दोरी ओढली. मशीन गरजलं, बार ओंडक्यात लोण्यासारखा उतरला, आणि बाईंना इतका आनंद झाला की तो लपवायला त्यांना तोंड फिरवून उभं राहावं लागलं.

मशीनवाल्याने स्वतःच्या हाताने ऑइल मिसळलेल्या पेट्रोलचा कॅन बरोबर दिला. त्यावर ठळक अक्षरात लिहिलं होतं: खारने हात लावू नये.

सोमवारी क्लबवर कामाला सुरुवात झाली. पांढरी हाफपँट घातलेले सेक्रेटरी खुर्ची टाकून बघायला बसले. खारने चढून फांद्या उतरवल्या, मग शेंडा, मग वरचे तुकडे दोराने एकेक खाली सोडले. शेवटी उरलं ते पुरुषभर उंचीचं जाडजूड खोड. बाईंनी आदल्या आठवड्यात कुऱ्हाडीच्या तुंब्याने, म्हणजे मागच्या बोथट बाजूने, ते वाजवून पाहिलं होतं आणि ते भरीव वाजलं होतं. भिंतीकडची बाजू तेवढी राहिली होती, कारण तिथे हातच पोचत नव्हता.

बाईंनी मशीन सुरू करून बार खोडाला लावला. आधी पांढरा भुसा उडाला. मग तपकिरी. मग नुसती तपकिरीसारखी पूड. बाईंच्या कपाळाला आठी पडली. आत कुजकं आहे हे त्यांनी ओळखलं. बार जरा मागे घेणार तोच भुसा हिरवा यायला लागला.

हिरवा भुसा बाईंनी जन्मात पाहिला नव्हता. मशीनने एक उचकी दिली, दुसरी दिली, आणि बंद पडलं. कापलेल्या फटीतून एक टेनिसचा चेंडू बाहेर आला, टप्पा घेत गवतावरून गेला आणि सेक्रेटरींच्या बुटाशी थांबला. त्याच्या मागून दुसरा. मग अर्धा. मग लाइन लागली.

झाड भिंतीच्या बाजूने पार पोकळ होतं. भिंतीच्या काठाशी, कोर्टाच्या बाजूला असलेल्या भोकातून क्लबचे हरवलेले चेंडू वर्षानुवर्षं आत पडत आले होते. काही केसाळ, काही टकले, काही नुसत्या रबराची कातडी.

सेक्रेटरी उठून चेंडू गोळा करू लागले. "हे आमचे आहेत," ते गंभीरपणे म्हणाले.

बाकीचं काम लहान मशीनने भागलं. नुसतं कवच तर कापायचं होतं. खारने तुकडे गाडीत चढवले. मग त्याला राहवेना. "बाई, एवढा मोठा बार घेतला, आणि निघाला फुसका."

"गाडीत बस," बाई म्हणाल्या.

संध्याकाळी त्यांनी नवी चेनसॉ पुन्हा त्याच काउंटरवर ठेवली. मशीनवाल्याने कव्हर उघडलं आणि चिमट्याने आतून हिरव्या लोकरीची लांबच लांब दोरी ओढून काढली. मग रबराचे तुकडे. डोळा इतका बारीक झाला की जवळजवळ मिटला.

"काय कापलंस तू?"

"झाड."

"हे झाड आहे?"

"आत टेनिस होतं."

त्याने बाईंकडे बघितलं, हातातल्या लोकरीकडे बघितलं, आणि त्याला हसू फुटलं. आधी नाकातून, मग खांदे हलायला लागले, मग चिमटा खाली पडला. बाईंनी ठरवलं होतं, पोकळीबद्दल चकार शब्द काढायचा नाही. पण सेक्रेटरी चेंडू कसे मोजून पिशवीत भरत होते हे सांगता सांगता तेही सांगून झालं.

"म्हणजे अठ्ठावीस पुरला असता," तो डोळे पुसत म्हणाला.

"अठराही पुरला असता," बाई म्हणाल्या.

यावर तो काहीतरी बोलणार याची बाई वाट बघत राहिल्या. तो बोलला नाही. चेन काढली, घासली, तेल दिलं आणि नीट बसवून मशीन त्यांच्या पुढे सरकवलं. बाईंच्या खिशात राहिलेला एक बऱ्यापैकी चेंडू नवीन बाईने मागून घेतला. शेजाऱ्यांच्या कुत्र्याला, म्हणाली.

घरी जाताना बाई गाडी जरा हळूच चालवत होत्या. रस्त्याच्या कडेला जुनी जाड झाडं होती. एकेका खोडावर त्यांची नजर जात होती, रुंदी जोखत होती, पुढच्यावर सरकत होती.

"बाई," खार म्हणाला, "ती सरकारी आहेत. आणि जिवंत आहेत."

"बघायला काय जातंय," बाई म्हणाल्या, आणि पुढच्या वळणावरच्या सगळ्यात जाड झाडापाशी त्यांनी गाडी आणखी हळू केली.